विनीनं दाखवलेली शाळा

ऑक्टोबरची एकतीस तारीख जवळ आली की इंग्लंडमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या आईबापांची झोप उडते. त्या दिवसापर्यंत सेकंडरी स्कूलचा फॉर्म भरायचा असतो आणि त्यात शाळांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहायची असतात. एकदा लिहिली की लिहिली. त्यामुळे सप्टेंबरपासून सगळे पालक या शाळेच्या ओपन इव्हनिंगहून त्या शाळेच्या ओपन इव्हनिंगला धावत असतात. लग्न जमवतानासुद्धा एवढी चौकशी कुणी करत नसेल.

त्यात नील देवस्थळी पडला रेडिओग्राफर. आतलं हाड दिसल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. त्यानं चार शाळांची स्प्रेडशीट केली होती, तेवीस रकान्यांची. मैदान आहे का, लायब्ररी केवढी, सायन्सच्या लॅब किती, जेवणात व्हेज मिळतं का, सगळं. नदीपलीकडची, सरकारी तपासणीत ‘आउटस्टँडिंग’ शेरा मिळालेली शाळा पहिल्या नंबरावर होती. घराजवळची थॉर्नली रोड स्कूल चौथ्या. तिथं तो जात होता तो केवळ एक रकाना रिकामा राहू नये म्हणून.

खरी गोष्ट मात्र तेवीस रकान्यांत कुठेच नव्हती. नील, त्याची बायको वरदा आणि मुलगी अन्वी त्याच उन्हाळ्यात ग्लासगोहून नॉटिंगहॅमला राहायला आले होते. ग्लासगोत अन्वी म्हणजे नुसती टकळी. झोपेतसुद्धा बडबडायची. इथल्या वर्गात पहिल्याच दिवशी तिच्या स्कॉटिश बोलण्याला कुणीतरी हसलं आणि पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. शाळेत अवाक्षर नाही आणि घरी विचारल्यापुरतं. बाईंनी बोलावून सांगितलं, “हिचा आम्हाला काहीच त्रास नाही.” नीलला ते कौतुक वाटलं. वरदा गाडीत बसून रडली.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला तिघं थॉर्नली रोड स्कूलला पोचले. उजेड सरत आला होता. निघताना वरदानं पर्समध्ये नारळाच्या वड्यांचा छोटा डबा टाकला.

“अगं, शाळेत वड्या कोण नेतं?” नील म्हणाला. “त्यांची ॲलर्जी पॉलिसी असते.”

“असू दे. रिकाम्या हातानं कसं जायचं?”

शाळेचा पुढचा भाग नवाकोरा होता. काचेची उंच भिंत, फुगे, ज्यूसचे पेले आणि माणसांचा हा गलका. सातवीचं, म्हणजे सेकंडरीतलं पहिलं, वर्ष बघणाऱ्या मिसेस बक्स्टन यादी घेऊन उभ्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या बाई. “प्रत्येक फॅमिलीला आमची एक मुलगी किंवा मुलगा शाळा दाखवतो,” त्या म्हणाल्या. “हिरवा पट्टा लावलेला असेल. सध्या सगळे फिरतीवर आहेत. दोन मिनिटं त्या कमानीपाशी थांबाल का?”

कमान जुन्या लाल विटांची होती. नव्या इमारतीनं जुनीला तिथं खांदा लावला होता. कमानीत लाकडी दार होतं आणि शेजारच्या भिंतीवर शाळेच्या इतिहासाचे फलक लावले होते. नील वाचायला वाकणार एवढ्यात ते दार आतून उघडलं.

दारात तेरा-चौदा वर्षांची मुलगी उभी होती. कानापर्यंत कापलेले केस, एका बाजूला क्लिप, गुडघ्याखाली जाणारा हिरवा ट्यूनिक. पट्टा मात्र नव्हता. इतिहासाचा फलक लावलाय म्हटल्यावर वेषभूषाही केली असणार, असं नीलनं धरलं आणि मनात एक गुण दिला.

“नवीन मुलगी आणलीत का?” तिनं विचारलं. “मी विनी. चला, दाखवते.”

हे बोलणं इंग्रजीत झालं हे उघड आहे; पण गोष्ट आपण मराठीत ऐकतोय, तेव्हा विनीही मराठीतच बोलेल.

तिघं आत गेले. मागं दार लागलं आणि बाहेरचा गलका, रेडिओ बंद करावा तसा, एकदम थांबला. नीलनं फोनवर टाइप केलं: *आवाज आत येत नाही, उत्तम.*

लांब कॉरिडॉर होता. जमिनीला मेणाच्या पॉलिशचा वास. भिंतीला लोखंडाचे जाडजूड रेडिएटर, पण हवा गार. दिवे पिवळे आणि फार लांब लांब. विनी पुढे चालत होती. तिच्या बुटांचा आवाज येत होता आणि त्यामागोमाग, किंचित उशिरानं, आणखी कुणाच्या तरी बुटांचा. वरदानं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

“ही सायन्सची खोली,” विनी म्हणाली. तपकिरी बाकं, पितळी नळ आणि फळ्यावर खडूनं काढलेलं बेडकाचं चित्र. नील खूश झाला. आजकाल फळा आणि खडू ठेवतंय कोण!

पुढची खोली स्वयंपाकाची. काळी भलीमोठी शेगडी, खुंट्यांवर एकाच मापाचे बारा एप्रन. शेगडी धगधगत होती आणि खोलीत माणूस नव्हतं. फळ्यावर केकची कृती लिहिली होती, वर मोठ्या अक्षरांत: अंडी नाहीत, लोणी नाही, दूध नाही.

*व्हीगन पर्याय: आहे,* नीलनं लिहिलं.

“नील…” वरदा हळूच म्हणाली, “अरे, बाकीच्या फॅमिलीज कुठे आहेत?”

“दुसऱ्या बाजूनं नेत असतील. गर्दी होऊ नये म्हणून. छान मॅनेज केलंय.”

कॉरिडॉरच्या टोकाला दुहेरी दार होतं. विनीनं ते खांद्यानं ढकललं आणि ओल्या हवेचा झोत तोंडावर आला. समोर चक्क पोहण्याचा तलाव. वर पत्र्याचं छप्पर, कडेनं पांढऱ्या फरशा, एकच दिवा. पाणी इतकं स्थिर होतं की दिवा खाली आहे का वर, कळेना.

*स्विमिंग पूल!!* नीलनं दोन उद्गारचिन्हं दिली. नदीपलीकडच्या शाळेला पूल नव्हता. थॉर्नली रोड तिथल्या तिथे चौथ्यावरून दुसऱ्यावर आली.

अन्वी काठाशी बसली आणि तिनं पाण्यात हात घातला. वरदाची नजर पलीकडच्या फरशांवर गेली. तिथं ओली पावलं उमटली होती. लहान, अनवाणी, ताजी. पाण्यातून बाहेर येणारी. एक रांग, दोन रांगा, तीन… आणि भिंतीपाशी सगळ्या संपत होत्या. तिथं दार नव्हतं.

“बाकीच्या मुली… कुठे आहेत गं?” वरदानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“खाली,” विनी म्हणाली. “मघाशी भोंगा झाला ना. मी आज वर थांबले. नवीन मुलगी येणार असली की मी थांबते.”

*फायर ड्रिल नियमित,* नीलनं लिहिलं. पण या खेपेला त्याचा अंगठा जरा अडखळला. त्यानं कान दिला. खालून, फरशीच्या खालून, मुलींच्या गाण्याचा आवाज येत होता. अगदी बारीक. आनंदी गाणं होतं. त्यानं तरीही कोटाची कॉलर वर केली.

शेवटी विनीनं त्यांना क्लोकरूममध्ये आणलं. खुंट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर पितळी आकडा आणि एकेक काळा कोट. ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता. कोट मंद हलत होते, वारा नसताना. एकच खुंटी मोकळी होती. विनीनं तिच्यावर बोट ठेवलं.

“एक्केचाळीस. ही कुणाची नाही.”

अन्वीनं त्या खुंटीकडे पाहिलं, मग विनीकडे. आणि आठवडेच्या आठवडे परक्या माणसासमोर न उघडलेलं तोंड उघडून, तिच्या त्या ग्लासगोच्या हेलात, तिनं विचारलं,

“तुला इथं भीती वाटायची?”

नीलच्या हातातला फोन तसाच राहिला.

“फार,” विनी म्हणाली. “आम्ही दुसऱ्या गावाहून आलो होतो. माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. मी बोलणंच सोडलं होतं. मग एका मुलीनं मला शाळा दाखवली. तुझ्यासारखी वेणी होती तिची. तिनं मला काहीतरी खायला दिलं होतं, पांढरं, गोड. नारळाचं होतं. तसं पुन्हा कधी मिळालं नाही.”

वरदानं पर्समधून डबा काढला. भीती वाटत असतानाही समोरच्या पोराला खायला द्यायचं, हे तिच्या हातांनी परस्पर ठरवलं. विनीनं एक वडी घेतली, टोकाला दातानं तोडली आणि डोळे मिटले.

“हीच,” ती म्हणाली. “हीच ती…”

कोट हलायचे थांबले होते.

“ती म्हणाली, राहा इथेच,” विनी म्हणाली. “म्हणून मी राहिले.”

*सिक्स्थ फॉर्म (अकरावी-बारावी): आहे,* असं लिहायला गेलेला नीलचा अंगठा अर्ध्यावर थांबला. विनीनं एक दार उघडलं. उजेड, फुगे, गलका. तिघं बाहेर आले आणि दार मागं लागलं. ते त्याच कमानीपाशी उभे होते.

“थांबावं लागलं, सॉरी हं!” मिसेस बक्स्टन लगबगीनं आल्या. त्यांच्याबरोबर हिरवा पट्टा लावलेली एक मुलगी होती. “दोनच मिनिटं म्हटलं होतं, तीन झाली. ही दिया. तुम्हाला शाळा दाखवेल.”

“आमची बघून झाली,” नील म्हणाला. “विनीनं दाखवली. पूल फारच छान आहे.”

मिसेस बक्स्टन यांचं हसू तसंच राहिलं, फक्त भुवया वर गेल्या. “पूल?”

त्यांनी नीलला फलकापाशी नेलं. तिथं शाळेचा सगळा जन्म मांडला होता. १९२६ साली दोनशे मुलींची शाळा म्हणून सुरुवात. १९३१ साली पालकांनी मिळून पूल बांधला. युद्धाच्या काळात बॉम्बचा भोंगा झाला की लपायला मैदानाखाली शेल्टर आणि अर्धाच दिवस वर्ग. १९७३ साली शाळा सर्वांसाठी खुली झाली, मुलगे आले. १९७८ साली पूल बुजवला, तिथं आता स्टाफचा कार पार्क. मग शाळेची ॲकॅडमी झाली, मग ही काचेची भिंत. नीलनं कमानीतलं लाकडी दार ओढून पाहिलं. आत परीक्षेची घडीची टेबलं एकावर एक रचून ठेवली होती. माणसाला आत शिरायला वीतभर जागा नव्हती.

फलकाखालच्या काचेच्या पेटीत प्रवेशाचं जुनं रजिस्टर उघडून ठेवलं होतं. नील त्यावर वाकला. हाड शोधायची सवय. शाईच्या वळणदार अक्षरांत नावं होती. प्रत्येकीपुढे प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. नोकरी. लग्न. गाव बदललं. खालून सहावं नाव: ॲस्क्यू, विनिफ्रेड. प्रवेश सप्टेंबर १९३७.

शाळा सोडल्याच्या तारखेचा रकाना रिकामा होता.

“क्लार्क विसरला असेल,” मिसेस बक्स्टन म्हणाल्या. “आमचं ऑफिस अजूनही तसंच आहे हो!” आणि स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसल्या.

नीलही हसला. मग त्याचं लक्ष अन्वीच्या उजव्या हाताकडे गेलं. बाही कोपरापर्यंत ओली होती आणि तिला क्लोरीनचा वास येत होता.

गाडीत बसल्या बसल्या त्यानं जाहीर केलं, “ही शाळा कॅन्सल.”

“बाबा, नो!” मागच्या सीटवरून आवाज आला. “मला हाच स्कूल पाहिजे. तो पूल बघितला? आणि ते केक? आणि विनी किती नाइस होती, आणि तिला पण सगळे हसले, आणि तिनं…” घर येईपर्यंत टकळी थांबली नाही. दोन सिग्नल हिरवे होऊन गेले तरी नीलला कळलं नाही, इतका तो ऐकत होता.

घरी आल्यावर तो स्प्रेडशीट उघडून बसला. पूलचा रकाना पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला.

“वरदा, तू पण पाहिलंस ना? हे नॉर्मल नाही. आपण पोरीला अशा ठिकाणी घालायचं?”

वरदा चहा गाळत होती. “मला पण भीती वाटली, नील. अजून वाटतेय. पण माझी पोरगी तिच्याशी बोलली. इथं आल्यापासून पहिल्यांदा ती स्वतःहून कुणाशी तरी बोलली. ते भूत असेल नाहीतर आणखी काही असेल. मला त्याचे पाय धरावेसे वाटतात.”

नीलनं स्प्रेडशीट बंद केली आणि फॉर्मवर पहिल्या नंबराला थॉर्नली रोड लिहिली. चूक करतोय की काय, अशी धास्ती होती, तरी लिहिली.

पुढच्या सप्टेंबरात अन्वी त्या शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी लॉकरची किल्ली मिळाली, नंबर एक्केचाळीस. “अडीचशे मुलांत कुणाला तरी तो मिळणारच,” नील म्हणाला, पण जरा मोठ्यानं म्हणाला. तो रोज संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारायचा, “विनी दिसली का गं?” ती रोज सांगायची, “नाही.” बाकी सगळं ठीक होतं. ठीक कसलं, झकास होतं. मैत्रिणी झाल्या, नाटकात काम मिळालं, वर्गात बोलते म्हणून चक्क एकदा शिक्षा झाली. त्या दिवशी वरदानं शिरा केला होता.

मग ऑक्टोबर आला आणि ओपन इव्हनिंगही. या वेळी हिरवा पट्टा अन्वीला मिळाला. निघताना तिनं आईकडे वड्यांचा डबा मागितला.

“अगं, ॲलर्जी पॉलिसी…” नीलनं सुरुवात केली.

“बाबा! रिकाम्या हातानं कसं जायचं?”

आठ वाजता नील तिला गेटवरून घेऊन आला. जेवायला बसले. गरम वरणभात, वर तूप, लोणचं. अन्वीला भूक लागली होती आणि बोलायचंही होतं, त्यामुळे दोन्ही एकदम चाललं होतं.

“किती फॅमिलीज झाल्या?” वरदानं विचारलं.

“पाच. नाही, सहा. लास्ट एक ओल्ड फॅशन्ड होती. ममला हॅट होता. आणि मुलगी बोलतच नव्हती, नुसता खाली बघत होती. सो मी म्हटलं, मी पण अशीच होते, डोन्ट वरी. मग मी तिला सगळा स्कूल दाखवला.”

“अरे वा. आणि वडी दिलीस वाटतं?”

“दोन दिल्या. तिला इतक्या आवडल्या! पहिल्यांदाच खाल्ल्या म्हणाली.”

वरदाचा हात वाढता वाढता थांबला. “नाव काय गं… तिचं?”

“विनी,” अन्वी म्हणाली. “आपलीच विनी. पण छोटी.”

वरदानं भाताचा डाव परत पातेल्यात ठेवला.

“तिनं… तुला ओळखलं?” नीलनं विचारलं.

“नाही. ओळखणार कशी? ती मला अजून भेटली कुठे होती?” अन्वीनं लोणच्याची फोड चोखली. “ती खूप घाबरली होती, बाबा. सारखी विचारत होती, मी इथं राहू शकते का, मी इथं राहू शकते का. तिची ममपण रडत होती. मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, हो, राहा ना. इथेच राहा.”

नीलनं चमचा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांसमोर वळणदार शाईच्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिच्या शेवटी एक रिकामा रकाना.

“अन्वी,” तो अगदी हळू म्हणाला, “किती दिवस राहा… ते सांगितलंस का तिला?”

अन्वीनं विचार केला. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून.

“नाही,” ती म्हणाली. “ते सांगायचं असतं का?”

नील उठला, फ्रीझरमधून खोवलेल्या नारळाचं पाकीट काढलं आणि कढई गॅसवर ठेवली. वरदानं साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला. नारळ परतायला लागल्यावर घरभर गोड वास सुटला, आणि अन्वी टेबलावरूनच ओरडली,

“थोड्या जास्त करा हं, बाबा! उद्या लंचला ती येणार आहे.”